सातनूर ओलांडलं की नेट का जातं? गाडी घेऊन निघणाऱ्या सभासदांसाठी मोबाईलचा पाठ



सध्या १६ जून ते १५ ऑगस्टची बंदी चालू आहे. पाण्यात उतरणं नाही, पण फिरणं याच दिवसांत जास्त असतं. कोणी बोटुकली आणायला जातो, कोणी जाळ्याचं सूत घ्यायला नागपूरला, कोणी कागदपत्रं घेऊन छिंदवाड्याला. आणि १५ ऑगस्ट उलटला की पुन्हा पहाटेच्या गाड्या सुरू. या फिरण्यातली एक तक्रार ऑफिसात नेहमी येते, "साहेब, रस्त्यात मोबाईलच बंद पडला." बंद म्हणजे काय झालं, असं विचारलं तर उत्तर येतं, "टॉवर दाखवून राहिला, पण काही चालून नाही राहिलं."

आता यात दोन गोष्टी आहेत. टॉवर दाखवणं वेगळं आणि नेट चालणं वेगळं. जाळं रिकामं वर आलं तर आपण लगेच तलावात मासाच नाही असं म्हणत नाही. जाळं फाटलं का, जागा चुकली का, पाणी किती उतरलं, हे आधी बघतो. मोबाईलचं तसंच बघायचं. नुसतं चालू-बंद, चालू-बंद करत बसलं की बॅटरी जाते आणि वेळही जातो.

वेळेची किंमत आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. समजा गाडीत ३ क्विंटल रोहू-कतला आहे. बर्फ आहे, म्हणजे तासाभरात माल खराब होणार नाही. पण व्यापाऱ्याला फोन लागला नाही, कुठे उतरवायचं ते कळलं नाही आणि बोली संपल्यावर पोहोचलो, तर किलोमागे २० रुपये सहज पडतात. ३०० किलोवर ६००० रुपये गेले. बोटुकली आणणाऱ्याचं तर त्याहून अवघड. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या गाडीत आहेत, ऊन चढतंय, आणि तळ्यावर पिशव्या उतरवून घेणारा माणूस फोनवर सापडत नाही. म्हणून हा पाठ नीट वाचा, आणि गाडीवर जाणाऱ्या पोरालाही वाचून दाखवा.

हद्दीची गोष्ट

आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास हद्दीवर होतो. सौंसरहून नागपूरला निघालं की सातनूरपर्यंत मध्य प्रदेश, त्याच्यापुढे केळवद, सावनेर म्हणजे महाराष्ट्र. रस्ता एकच, बोली एकच, सोयरे दोन्हीकडे. पण मोबाईल कंपन्यांसाठी तिथे रेघ आहे. आपल्या देशाचे टेलिफोनसाठी २२ भाग पाडलेले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं, मुंबईचं तिसरंच. आपलं सिम इकडच्या सर्कलचं. हद्द ओलांडली की ते तिकडच्या टॉवरवर पाहुणं म्हणून जातं, त्यालाच रोमिंग म्हणतात.

आधी रोमिंगचे वेगळे पैसे लागायचे. सावनेरला आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कापला जायचा, हे आपल्या वयाच्या लोकांना चांगलं आठवत असेल. त्या धाकाने अनेकांनी फोनमधलं 'डेटा रोमिंग' बंद करून ठेवलं. २०१७ पासून कंपन्यांनी देशातल्या देशात रोमिंगचे जादा पैसे घेणं सोडून दिलं. पैसे गेले, धाक मात्र राहिला. नवीन फोन घेतला तरी पोरगं पहिलं काम करतं ते रोमिंग बंद करण्याचं, कारण बापाने तसं सांगितलेलं असतं. मग होतं असं की हद्दीच्या पुढे फोन लागतो, समोरच्याचा आवाजही येतो, पण व्हॉट्सअॅप गोल-गोल फिरत राहतं आणि पैसे पाठवायचं अॅप उघडत नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. सेटिंगमध्ये जा, 'मोबाईल नेटवर्क' किंवा 'सिम कार्ड' असं लिहिलेलं उघडा, आपलं सिम निवडा आणि 'डेटा रोमिंग' चालू करा. सगळ्याच फोनला याची गरज पडते असं नाही. काही फोन आपल्याच कंपनीचा टॉवर पाहून रोमिंग धरत नाहीत. पण चालू ठेवल्याने देशात नुकसान काही नाही, म्हणून घरूनच चालू करून निघा. ज्यांची पोरं दुबई-मस्कतला कामाला आहेत त्यांनी मात्र हे तिकडच्यासाठी समजू नये. परदेशात रोमिंगचे पैसे लागतात, आणि भरपूर लागतात.

हद्दीवरचा दुसरा त्रास थोडा वेगळा आहे. फोनची एक सवय असते. धरलेला टॉवर तो सहजासहजी सोडत नाही. सातनूरच्या पुढे गाडी गेली तरी मागचा टॉवर बारीक का होईना ऐकू येतोय, तोवर काही फोन त्यालाच चिकटून राहतात. एक कांडी दाखवतात, आवाज तुटतो, नेट नाही. समोर केळवदचा चांगला टॉवर असतो, पण फोनचं तिकडे लक्ष नसतं. अशा वेळी एअरप्लेन मोड, म्हणजे विमानाचं चिन्ह, चालू करा. १५-२० सेकंद थांबा आणि मग बंद करा. फोन सगळे टॉवर नव्याने शोधतो आणि जवळचा धरतो. पूर्ण फोन बंद करून चालू केला तरी हेच होतं, फक्त वेळ जास्त लागतो. परत येतानाही तसंच. सौंसरला पोहोचून फोन महाराष्ट्राच्याच टॉवरला लटकलेला दिसला तर हाच उपाय करा.

तिसरं, आणि हे फार कमी लोक बघतात. 'नेटवर्क ऑपरेटर' किंवा 'नेटवर्क निवडा' अशी एक जागा सेटिंगमध्ये असते. तिथे 'ऑटोमॅटिक' चालू पाहिजे. गावात रेंज येत नाही म्हणून कधीतरी कोणीतरी हाताने एक नेटवर्क निवडून ठेवलेलं असतं. मग फोन हद्दीच्या पुढेही तेच एक नेटवर्क शोधत बसतो. ते तिकडे नसतंच, आणि फोन सरळ 'नो सर्व्हिस' दाखवतो. फोन दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी एवढं बघून घ्या.

कांड्या पूर्ण, पण नेट नाही

याचा अनुभव घ्यायला लांब जायची गरज नाही. शनिवारी किंवा हनुमान जयंतीला आपल्या जामसांवलीच्या मंदिराजवळ उभं राहून व्हिडिओ कॉल लावून पाहा. पांढुर्ण्याला गोटमारीच्या दिवशीही हीच गत. कांड्या पूर्ण असतात, पण मेसेजपुढे घड्याळाचं चिन्ह तसंच राहतं.

कांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात येतोय. त्या टॉवरवर किती माणसं बसलीत ते सांगत नाहीत. पंगतीत वाढपी समोर दिसतो, पण पंगत मोठी असली की आपल्या पत्रावळीपर्यंत भात यायला वेळ लागतो, तसं. इथे फोनमध्ये काहीच बिघाड नसतो, म्हणून सेटिंग उगाच उलटी-पालटी करू नका. साधा एसएमएस करा. त्याला जागा फार कमी लागते, आणि व्हॉट्सअॅप अडकलं असताना तो बरेचदा निघून जातो. नाहीतर गर्दीतून अर्धा-एक किलोमीटर बाजूला व्हा, म्हणजे दुसरा टॉवर मिळू शकतो. फोन ५जी असेल तर 'प्रिफर्ड नेटवर्क टाईप' मध्ये जाऊन थोडा वेळ ४जी करून पाहा, कधी कधी त्या बाजूला गर्दी कमी असते. काम झालं की परत ऑटोवर ठेवा.

त्याच जागेवर आणखी एक गोष्ट बघा. काहींनी 'फक्त ५जी' किंवा 'फक्त ४जी' करून ठेवलेलं असतं, म्हणे स्पीड वाढतो. गावाबाहेर ५जी सगळीकडे नाही. रस्त्यावर जिथे साधा २जीचा टॉवरच मिळतो, तिथे असा फोन मुका होतो. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलवर २जीवरही कॉल जातो. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे जिओवर कॉल करायलाही ४जी-५जीचीच रेंज लागते. जिओच्या सिमवर कॉल लागत नसेल तर आधी ४जी दिसतंय का ते पाहा.

घाट, जंगल आणि पाणी

छिंदवाड्याच्या रस्त्याला रामाकोना सोडून सिल्लेवानी घाटात गाडी शिरली की रेंज येते-जाते. तिथे टॉवर डोंगराआड असतो, सेटिंग बदलून डोंगर बाजूला सरकत नाही. पण अशा ठिकाणी फोन बॅटरी फार खातो. टॉवर सापडत नाही म्हणून तो पुन्हा पुन्हा शोधतो आणि बारीक टॉवर मिळाला तर पूर्ण जोर लावून बोलतो. निघताना ८० टक्के असलेली बॅटरी उमरानाल्याला पोहोचेपर्यंत निम्मी, ती यामुळेच. म्हणून घाटात फोनची गरज नसेल तर एअरप्लेन मोडवर टाका आणि खाली उतरल्यावर काढा. पण गाडीत दोघं असतील तर एकाचा फोन चालू राहू द्या.

घाटात कधी 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' असं लिहून येतं. लोक याला बिघाड समजतात. त्याचा बरेचदा अर्थ असा असतो की तुमच्या कंपनीचा टॉवर तिथे नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा आहे. अपघात झाला, कोणाच्या छातीत दुखलं, गाडी उलटली, तर अशा वेळीही ११२ लावा. तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जातो. हे घरातल्या पोराबाळांनाही माहीत पाहिजे.

यातूनच दुसऱ्या सिमची गोष्ट निघते. बहुतेकांच्या फोनमध्ये दोन सिमची जागा आहे, आणि दोन्ही सिम एकाच कंपनीची, स्वस्त पडलं म्हणून घेतलेली. त्याचा रस्त्यात उपयोग शून्य. एक टॉवर गेला की दोन्ही सिम जातात. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा, छोट्यात छोटं रिचार्ज मारून. घ्यायच्या आधी ज्या रस्त्याने आपण जातो तिथल्या ढाब्यावाल्याला विचारा की इथे कोणतं चालतं. दुकानातल्या पोराला विचारू नका, त्याला त्याचं सिम विकायचं असतं. आणि दोन सिम असली तर 'मोबाईल डेटा' कोणत्या सिमवर आहे ते बघा. पहिल्यावर रेंज आहे आणि डेटा दुसऱ्यावर लावलेला आहे, असं आपल्या ऑफिसात आलेल्या कितीतरी फोनांत दिसलं.

पाण्यावर जाणाऱ्यांसाठी एवढंच. कन्हानचा काठ जिथे खोल आहे तिथे पात्रात रेंज मिळत नाही आणि काठावर चढलं की मिळते. जलाशयाच्या मधोमध कधी काठापेक्षा चांगली मिळते, कारण आड काही नसतं. डोंगा कुठे टाकणार आणि किती वाजता परतणार, हे घरी सांगून निघा. रेंजच्या भरवशावर राहू नका. आणि फोन पिशवीत बांधून ठेवा.

बिघाड फोनमध्येच असला तर

शेजारच्याचा फोन, त्याच कंपनीचा, त्याच जागी चालतोय आणि तुमचा नाही, तर मग आपल्या फोनकडे बघायचं. आधी रिचार्ज संपला का ते पाहा. हसू नका, बरेचदा हेच निघतं. दिवसाचा डेटा संपला की नेट पूर्ण बंद होत नाही, मुंगीच्या चालीने चालतं, त्यामुळे कळत नाही. गाडीत मागे बसलेला पोरगा रात्रभर रील बघतो आणि पहाटे व्यापाऱ्याचा मेसेज उघडत नाही.

मग तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण मेली होती किंवा कोणी हाताने बदलली, तर फोनची तारीख मागे राहते. तारीख चुकली की बँकेची अॅप उघडत नाहीत, वेबसाईट असुरक्षित म्हणून दाखवतात. सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' करा.

कॉल लागतो, रोमिंग चालू, पॅक आहे, तरी नेट नाही, असं असेल तर 'अॅक्सेस पॉइंट नेम' म्हणून एक जागा असते, तिथे 'रीसेट टू डिफॉल्ट' करा. दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलेल्या सिमला हे कधी कधी लागतं. ३ जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशभरात कुठेही पोर्ट करता येतो, म्हणून आपल्याकडे असे नंबर बरेच आहेत.

सिम काढून पुसायचं असेल तर आधी फोन बंद करा. हात कोरडे करा, मऊ कोरड्या कापडाने पुसा. चाकूने खरडू नका. माशाचा चिकटा लागलेल्या हाताने सिम बसवलं की रेंज येते-जाते, हे आपल्याच लोकांच्या बाबतीत होतं, बाकीच्यांना सांगितलं तर समजणार नाही.

सगळं करून झालं तरच 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज'. त्याने फोटो, नंबर काही जात नाहीत, पण वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या जातात. त्याच्या जवळच 'फॅक्टरी रीसेट' लिहिलेलं असतं, त्याला हात लावू नका. त्याने फोनमधलं सगळंच पुसलं जातं.

पैशाचा व्यवहार अर्ध्यात अडकला तर

हे सगळ्यात नाजूक. डिझेल भरलं, पैसे पाठवले, रेंज गेली आणि अॅप 'पेंडिंग' दाखवतं. लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. बँकेचा एसएमएस आला का पाहा, पंपवाल्याला त्याचं बघायला सांगा, दहा मिनिटं थांबा. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये याचे नियम ठरवून दिले आहेत. यूपीआयने माणसाला पाठवलेले पैसे खात्यातून कापले गेले पण समोरच्याला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराच्या व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आहे. व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा आणि बँकेत तोच दाखवा.

अॅप चालत नाही म्हणून रस्त्यातच काढून पुन्हा टाकायच्या भानगडीत पडू नका. नवीन टाकलं की ते तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून ओळख पटवतं, त्यासाठी रेंज लागते, आणि रेंज नाही म्हणून तर सगळं सुरू झालं. सिम हरवून नवीन काढलं असेल तर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, त्या दिवशी रोख घेऊनच निघा.

नेट नाही पण कॉलची रेंज आहे, तेव्हा *९९# लावून बँकेतून पैसे पाठवता येतात, साध्या फोनवरही. बँकेत तोच नंबर जोडलेला पाहिजे आणि यूपीआय पिन बनवलेला पाहिजे. सगळ्या कंपन्यांच्या सिमवर हे चालत नाही, म्हणून घरी बसून एकदा शिल्लक तपासून पाहा. एका वेळी ५००० रुपयांपर्यंतच जातात.

माल उतरवताना उलटा प्रकार होतो. समोरचा स्क्रीनवर 'पेड' दाखवतो आणि म्हणतो, "तुमच्याकडे रेंज नाही म्हणून मेसेज आला नाही." असेलही खरं. पण स्क्रीनचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या मिस्ड कॉल नंबरवर कॉल देऊन शिल्लक बघा, नाहीतर घरी फोन करून पासबुकाचं अॅप बघायला सांगा, तोवर शेवटचे क्रेट गाडीतच राहू द्या. चांगला व्यापारी याचा राग मानत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

घरच्यांसाठी

गाडीवरच्या माणसाचा फोन लागत नसेल तर पन्नास वेळा लावू नका. एक एसएमएस करून ठेवा. त्याचा फोन टॉवरला लागला की तो आपोआप पोहोचतो, कंपनी तो राखून ठेवते. व्यापाऱ्याचा, बर्फवाल्याचा, हॅचरीचा नंबर एका कागदावर लिहून गाडीच्या कप्प्यात टाकून द्या. व्हॉट्सअॅपच्या गप्पांत अडकलेला नंबर फोन चालू असेल तरच कामाचा. नागपूर आणि छिंदवाड्याचा नकाशा घरच्या नेटवर डाउनलोड करून घ्या. रस्ता दाखवणारं जीपीएस रेंजशिवाय चालतं, फक्त नकाशा आधी फोनमध्ये पाहिजे. नवीन पोरगं गाडीवर पाठवताना हे तर नक्की करा.

बंदी संपायच्या आधी ज्यांना आपल्या फोनची ही सेटिंग तपासून घ्यायची आहे, त्यांनी ऑफिसच्या वेळेत फोन आणि चार्जर घेऊन यावं. पैसे लागत नाहीत. लॉक उघडून द्या, पण पिन मला किंवा कोणालाच सांगू नका. गाडीचा ड्रायव्हर सोबत आला तर जास्त बरं, कारण रात्री तीन वाजता हद्दीवर सेटिंगमध्ये बोट फिरवायचं काम त्यालाच पडणार आहे.

— सचिव